गॅलरी मोकळी झाली

आमची चाळ आगीपासून वाचवायचा नकाशा मी काढला होता, असं जुनं कोणी भेटलं की अजून सांगतं. भेटणारे आता कमी झालेत. जे भेटतात ते म्हणतात, तुझ्यामुळे चाळ राहिली. मी हो म्हणतो. नाही म्हटलं तर आत्यापासून सुरुवात करावी लागते, आणि फुटपाथवर उभं राहून ते सगळं सांगण्याइतका दम आता माझ्यात नाही. बसून लिहायला जमतंय तोवर लिहून ठेवतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला. मूलबाळ नाही. कोकणात सासरी दिरांच्या घरात राबायचं, सगळ्यांच्या शेवटी जेवायचं आणि पडवीत झोपायचं, असं तिचं चाललं होतं. वडिलांनी तिला मुंबईला आणलं आणि लालबागच्या एका गिरणीत रीळ खात्यात लावून दिलं. पुढे गिरण्यांनी बायकांचं काम कमी करत आणलं तशी तिची नोकरी गेली. तेव्हापासून ती लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. चाळीत तिच्या हातची गोधडी नाही असं बिऱ्हाड नव्हतं. तिला दुसरं काही नको होतं. सासरी परत जायचं नाही, एवढंच हवं होतं, आणि ते सगळं एका जागेवर अवलंबून होतं.

ती जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, आमच्या शेवटच्या खोलीसमोरचा गॅलरीचा तुकडा. वडिलांनी त्याला दोन बाजूंनी बांबूचे तट्टे लावले होते. तट्टा म्हणजे बांबूच्या पातळ कामट्यांची विणलेली चटईच, उभी करून बांधलेली. आत्याने आतून त्याला वर्तमानपत्रं चिकटवली होती आणि त्यावर कॅलेंडरातली एक लक्ष्मी. आत तिची ट्रंक, चिंध्यांची बोचकी आणि ती, एवढंच मावायचं. खोलीत आई, वडील, मी, माझी नवी नवरी, दोन धाकट्या बहिणी आणि गावचे दोन पाळीवाले. त्यातला एक कामावरून आला की दुसरा उठायचा. गॅलरीत उन्हाळ्यात सगळ्या बिऱ्हाडांचे पुरुष ओळीने झोपायचे. त्यांच्यात विधवा बाईने उघड्यावर झोपावं हे कोणालाच चाललं नसतं, आत्याला तर नाहीच. म्हणजे तट्टा होता तोवर आत्या मुंबईत होती. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी कधी बोललं नाही.

आमची चाळ कॉटन ग्रीनच्या गोदामांना पाठ लावून उभी होती. सागवानी खांब, लाकडी गॅलरी, लाकडी कठडा, वर मंगलोरी कौलं. मागे भिंतीपलीकडे कापसाच्या गासड्या. लहानपणापासून मी ते बघत आलो होतो आणि लोकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं तसं मलाही वाटलं नव्हतं.

एका सकाळी त्या गोदामांपैकी एकाला आग लागली. कशी लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते दिवसच असे होते की प्रत्येकाला आपापलं कारण पक्कं ठाऊक होतं. धूर दिसला की लोक आधी गोळीबार कुठे झाला ते विचारायचे. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे, हरताळ, अश्रुधूर यांत आम्ही इतके मुरलो होतो की आग ही नुसती आगही असू शकते, हे लक्षात यायला अर्धी सकाळ गेली.

गच्च बांधलेली गासडी एकदम भडकत नाही. ती आतून धुमसते. बंबवाल्यांनी पाणी मारून गासड्या बाहेर ओढल्या, रस्त्यावर फोडल्या, आणि फोडल्या तसा त्यांना वारा लागला. पेटलेले कापसाचे पुंजके उडायला लागले. वारा आमच्याकडे होता. रात्रपाळी करून नुकतेच आलेले वडील कठड्याशी उभे होते. ते म्हणाले, "ह्यो वणवोच."

गावाला शिमग्याच्या आधी डोंगराचं गवत पेटतं तेव्हा माणसं घराभोवतीचा पालापाचोळा झाडून जमीन उघडी करतात. ठिणगी पडली तरी तिला खायला काही मिळू नये, एवढाच हेतू. आमच्या चाळीत ठिणगीला पंगत मांडून ठेवली होती. गॅलरीत जळाऊ लाकडं, गावाहून बोटीने आलेली नारळाची सोडणं, न्हाणीच्या पाण्यासाठीच्या शेणी, उन्हासाठी लावलेले गोणपाटाचे पडदे, वाळत घातलेले कपडे, आणि ठिकठिकाणी तट्टे. कारण जागा कोणालाच पुरत नव्हती आणि तट्ट्याआडची आत्या काही फक्त आमच्याच घरात नव्हती. कुणाचा लग्न झालेला भाऊ होता, कुणाची बाळंतीण मुलगी होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाचा पडदा पेटला, मग सोडणं, मग कठडा. लोकांनी ओली पोती मारमारून ते विझवलं. एक पुंजका कौलांखालच्या फटीतून आत गेला, तिथे एक जण बादली घेऊन चढला. आत्याच्या तट्ट्यावरही एक पडला. तिने हातात होतं ते पेजेचं टोप त्याच्यावर ओतलं आणि उपाशी राहिली. माणूस कोणी दगावलं नाही. पण त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराचं दार बाहेरून कोळसा झालं होतं आणि आत दोन पोरं होती, हे पाहिल्यावर आठवडाभर बायका चूल पेटवायलाही घाबरत होत्या.

मी तेव्हा फोर्टमध्ये एका आर्किटेक्टच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. चाळीच्या मानाने मोठाच माणूस. चाळ कमिटीचं काम म्हणजे एरवी गणपती आणि सत्यनारायण, आणि गेलं वर्षभर मोर्च्याला माणसं जमवणं. कमिटीचे सेक्रेटरी पोस्टातले कारकून होते, आवाज खणखणीत. ते म्हणाले, "अरे, तू दिवसभर लोकांचे बंगले काढतोस, आपल्या चाळीचं काहीतरी बघ की." मी बघतो म्हणालो. वय असं होतं की कोणी बघ म्हटलं की छाती फुगायची.

कचेरीतले साहेब गिरगावचे, म्हातारे, डबा खाताना बोलायला मोकळे. त्यांना मी आग सांगितली. त्यांनी लोणच्याचं बोट चाटत विचारलं, "भिंत पेटली का?" मी नाही म्हणालो. "खांब पेटला?" तोही नाही. "बघ तर. बाहेरची आग कितीही मोठी असो, घरात शिरते ती चिमूटभर असते. फट शोधते आणि वाळलेलं शोधते. फटी बुजव आणि वाळलेलं लांब ने. बाकी सागवान आहे, ते सहज पेटत नाही." एवढं बोलून त्यांनी ताक प्यायलं. पुढे आयुष्यभर मी इमारती काढल्या, पण घर आगीपासून कसं वाचवायचं याबद्दल याहून जास्त मला कोणी शिकवलं नाही.

मग दोन रविवार मी टेप घेऊन चाळ पालथी घातली. गोदामाच्या बाजूच्या खिडक्यांच्या झडपा खिळखिळ्या झालेल्या. वासे भिंतीवर टेकतात तिथे कौलांखाली हात जाईल एवढ्या फटी. गॅलरीच्या टोकाला छतात एक झाकण होतं, त्यातून कौलांखालच्या माळ्यावर जाता यायचं. तिथेही चढलो. गणपतीच्या मखराच्या चार पट्ट्या आणि चिमण्यांची घरटी सोडली तर माळा रिकामा होता. नकाशात मी तो तसाच रिकामा दाखवला.

उपाय साधे होते. फटींना बारीक जाळी, वाश्यांच्या तोंडांवर पत्रा, गोदामाकडच्या झडपांना बाहेरून पत्रा. पत्र्यासाठी घासलेटचे डबे कापून सपाट करायचे, हे काम पाळी नसलेल्या माणसांनी हसतखेळत अंगावर घेतलं. लाकडं-सोडणं-शेणी अंगणात विटांच्या खोपीत. आणि गॅलरी पूर्ण मोकळी. पडदे नाहीत, गोणपाट नाही, तट्टे नाहीत.

शेवटची ओळ मी लिहिली तेव्हा मला आत्या दिसत होती. मी काही दगड नव्हतो. म्हणून मी नकाशाच्या कोपऱ्यात एक वेगळी आकृती काढली होती: लोखंडी पट्ट्यांची चौकट, दोन्ही बाजूंनी पत्रा, वर जाळी. आत माणूस झोपू शकेल आणि बाहेरून ठिणगी चिकटणार नाही असा आडोसा. साहेबांना दाखवला. ते म्हणाले, "उन्हाळ्यात भाजेल, पण पेटणार नाही. चालेल."

कमिटीत चाललं नाही. सभा गॅलरीतच भरली, तळमजल्यापासून माणसं जिन्यात बसली होती. सेक्रेटरींनी नकाशा वाचून दाखवला आणि शेवटी मोर्च्यातल्या सवयीने मूठ वर केली. "गॅलरी मोकळी..." त्यांनी म्हटलं आणि सगळी चाळ ओरडली, "झालीच पाहिजे!" हशा झाला. मग मी माझ्या पत्र्याच्या आडोशाचं काढलं. हशा थांबला. एक जण म्हणाला, "म्हणजे तट्टे काढायचे आणि पत्रे लावायचे? मग मी पण लावतो की. माझा भाऊ कुठे जाणार?" दुसरा म्हणाला, "एकाला दिलंत की सगळ्यांना द्यावं लागेल." खरं होतं. सगळ्यांनी पत्रे ठोकले असते तर आग लागल्यावर त्या गॅलरीतून एक माणूस जिन्यापर्यंत पोहोचला नसता.

तेवढ्यात वडील उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. गिरणीत साच्याच्या, म्हणजे मागाच्या, खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ते एक तर ओरडायचे नाहीतर गप्प बसायचे. ते ओरडून म्हणाले, "नकाशो माझ्या झिलान काढलोहा. पयलो तट्टो माझो जायत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडील खाली बसले आणि माझ्याकडे बघेनात.

घरी आल्यावर मी त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, तुम्हाला कोणी विचारलं होतं का? ते म्हणाले, "मगे काय करू? उद्या लोक म्हणतले, पोरगो शिकलो आणि आपल्या घरच्यांका सोडून दुसऱ्यांका भायर काढता." आईने पदर तोंडाला लावला होता. आत्या तट्ट्याच्या आत सुई ओवत बसली होती, तिला सगळं ऐकू जात होतं. तट्ट्याला काय, आवाज अडत नाही. तिथूनच ती म्हणाली, "तुमी भांडा नको. एवढी बिऱ्हाडां, ल्हान ल्हान पोरां. माझ्या एकटीसाठी कित्याक?"

खोली शोधून पाहिली, नाही असं नाही. करी रोडला एका ओळखीच्या घरी, परळला माझ्या मावशीकडे, फणसवाडीत साहेबांच्या एका नातलगाकडे स्वयंपाकाचं काम आणि झोपायला जिन्याखालची जागा. सगळीकडे हो-ला-हो झालं आणि मग काही ना काही निघालं. जिन्याखालची जागा तिला मिळालीही असती, पण त्या घरच्या बाईंनी आमचं गाव-घराणं विचारता विचारता असं काही तोंड केलं की आत्याच म्हणाली, नको. तिच्याही मनाला काही किंमत होती.

वडिलांनी स्वतः तट्टा सोडला. एकेक सुंभाची गाठ दातांनी सैल केली, कापली नाही. मी कामावर जात होतो, जिन्यातून वळून बघितलं तर तिसऱ्या मजल्याच्या टोकाला एकदम आभाळ दिसत होतं. आठवड्याभरात आम्ही आत्याला भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसवून दिलं. ती पूर्ण वेळ ट्रंकेच्या कडीची काळजी करत होती. बोट सुटल्यावर आई रडली. वडील म्हणाले, पाळी आहे, आणि धक्क्यावरून सरळ गिरणीत गेले.

एक सांगतो. त्याच आत्याने काही महिन्यांपूर्वी बायकांच्या मोर्च्यात फोर्टपर्यंत चालत जाऊन "मुंबई आमची" म्हणून घसा बसवून घेतला होता. घरी आली तेव्हा एका पायात चप्पल होती आणि डोळे अश्रुधुराने सुजलेले, पण तोंडावर असा काही आनंद की आम्ही तिची आठवडाभर थट्टा केली. मला तेव्हा हे सुचलं नाही, आता रोज सुचतं.

गॅलरी खरंच मोकळी झाली. माझा विश्वास बसत नव्हता. एका रविवारी सगळ्या मजल्यांवरचे तट्टे, पडदे, गोणपाट उतरले. बाळंतीण मुलगी सासरी गेली, कुणाचा भाऊ घोडपदेवला मित्राच्या खोलीत गेला, पण त्यांना जायला जागा तरी होती. गॅलरीतून इकडून तिकडे वारा वाहायला लागला. बाहेरची माणसं येऊन बघून जायची. शेजारच्या चाळीची कमिटी आली, त्यांना सेक्रेटरींनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात पसरून दाखवलं. मला शाबासकी मिळाली, नारळ मिळाला. मी झडपांना पत्रे ठोकून घेतले. वाश्यांची तोंडं झाकली. राहिली होती ती कौलांखालची जाळी. ती आतून, माळ्यावर बसून ठोकायची होती आणि बरेच दिवस मला सवड होत नव्हती. निवडणुका आल्या, त्यात चाळ रमली, जाळीचं भेंडोळं आमच्या खाटेखाली पडून राहिलं.

शेवटी एका दुपारी हातोडी आणि बॅटरी घेऊन मी शिडी लावली. झाकण वर उचललं जाईना. वाटलं, लाकूड फुगलं असेल. खांदा लावून ढकललं तर वरून काहीतरी सरकलं आणि धूळ डोळ्यांत आली. डोळे पुसून बॅटरी लावली.

माळा गच्च भरला होता. तट्टे गुंडाळून, एकावर एक रचून ठेवलेले. गोणपाटाच्या घड्या. पडदे. जुनी मच्छरदाणी. खोपीत जागा पुरली नाही म्हणून सोडणांची पोतीसुद्धा. सगळं कौलांना टेकलेलं, आणि उन्हाने तापलेल्या कौलांखाली वाळून कुरकुरीत झालेलं. कडेच्या फटीतून उजेडाच्या तिरिपी येऊन नेमक्या त्या ढिगावर पडत होत्या. त्या सकाळी पुंजका शिरला होता तो त्याच फटीतून. गॅलरीत पेटलं असतं तर निदान दिसलं असतं. इथे पेटलं असतं तर सगळी चाळ डोक्यावरून पेटली असती आणि खाली कोणाला कळलंही नसतं.

मी शिडीवर तसाच उभा राहिलो. राग आला नाही. आमची माणसं काही टाकत नाहीत. टाकायचं म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नाही. मुंबईत आल्यापासून दोरीचा तुकडासुद्धा कधीतरी लागेल म्हणून ठेवून ठेवून त्यांनी संसार केले. गॅलरी मोकळी करा म्हटल्यावर त्यांनी ती मोकळी केली, आणि डोळ्यांआड जी जागा दिसली तिथे सगळं जपून ठेवलं. चोरून नव्हे. जपून.

हाताशी पहिलाच जो गठ्ठा होता त्याच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्रं होती. कडेला लक्ष्मीचा हात आणि हातातून पडणारी नाणी. सुंभ बांधला होता साचेवाल्यांच्या गाठीने. तुटलेला धागा जोडताना घालतात ती, घट्ट आणि चपटी. आमच्या घरात ती एकट्या वडिलांनाच यायची.

वडिलांना विचारलं तेव्हा ते पान जुळवत होते. म्हणाले, "चांगलो तट्टो. फेकूचो कित्याक? कदी लागलो तर." मी म्हटलं, लागला होता, आत्याला लागला होता. त्यांच्या पानाला चुना जास्त लागला आणि तोंड भाजलं.

सेक्रेटरींकडे गेलो तेव्हा मात्र मी ओरडलो. जिन्यात माणसं जमली. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "तू गॅलरी मोकळी करायला सांगितलीस, केली. माळ्याचं नकाशात कुठे होतं?" मी म्हटलं, नकाशात माळा रिकामा होता! ते म्हणाले, "हो ना, रिकामा होता म्हणूनच ठेवलं." लोक हसले, आणि त्यांचं चुकलं असं मला अजून म्हणता येत नाही. मग मी म्हटलं, ठीक आहे, जळाऊ सामान चाळीत राहणारच असेल तर आमच्या आत्याचा तेवढा तट्टा खाली आणून लावतो. यावर कोणी हसलं नाही. एक म्हातारे गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, "आता गॅलरी कशी छान दिसते. पोरं खेळतात. परत कशाला ते?" सेक्रेटरी म्हणाले, माळाही साफ करून घेऊ, मुंबईचं एकदा मिटू दे.

मी जाळी ठोकली. त्या ढिगाऱ्यात पालथा पडून, नाकातोंडात धूळ घेऊन ठोकली, कारण निदान ठिणगी आत येऊ नये. माळा साफ व्हायला मात्र वर्षं गेली. कधी दोन गठ्ठे निघायचे, पावसाळ्याच्या तोंडावर चार नवे चढायचे. दरवेळी मीच बोंबलायचो. चाळीत मला पोरं आगलाव्या म्हणायला लागली. गोदामं पुढे अधूनमधून धुमसली, पण आमची चाळ पेटली नाही. ते माझ्या जाळीमुळे की वाऱ्याच्या मर्जीने, ते मला सांगता येणार नाही.

आत्या परत आली नाही, हे आधीच सांगून टाकतो. ती पुढे सासरीच वारली, मीठभाकरीवर दिवस काढून. पण त्याआधी एकदा मी तिला आणायला गेलो होतो.

मुंबईसह महाराष्ट्र झाला होता. चाळीत रोषणाई झाली, पेढे झाले, सेक्रेटरींना लोकांनी खांद्यावर घेतलं. त्याच मे महिन्यात मी बोटीने कोकणात उतरलो. आत्या सासरच्या घराच्या पडवीत राहत होती. एका बाजूला गुरांसाठी पेंढा रचलेला, त्याच्या शेजारी तिची ट्रंक. हात फाटले होते, गोधड्या शिवायला डोळे राहिले नव्हते. मला बघून तिला इतका आनंद झाला की तिने आधी मला बसायला पाट द्यायचा तो आपणच घेतला आणि मग दोघं हसलो. तिने चाळीतल्या एकेका बिऱ्हाडाची चौकशी केली. दुसऱ्या मजल्यावरची ती दोन पोरं शाळेत जातात का, विचारलं. मी सगळ्यांचं सांगितलं.

मग म्हटलं, "आत्या, चल परत."

ती म्हणाली, "येतंय. पण ऱ्हवतलंय खंय?"

याचं उत्तर मी बोटीत दोन वेळा जुळवलं होतं. तिच्यासमोर त्यातलं काही आलं नाही. खोली तीच होती, त्यात आता माझा मुलगा रांगत होता. गॅलरीत कोणी लावू देणार नाही, हे मी तिला सांगितलं. आणि का कोण जाणे, माळ्याचंही सांगितलं. वाटलं तिला चीड येईल, ती चार शिव्या देईल आणि आम्हा दोघांनाही बरं वाटेल.

ती म्हणाली, "सगळ्यांचे तट्टे थंय आसत?"

"सगळ्यांचे."

"माझो पण?"

"तुझा पण. बाबांनी बांधून ठेवलाय."

आत्या जरा हसली. लहान मुलाने काहीतरी खुळ्यासारखं केलं की हसावं तशी. तिने पदराने हात पुसले, पुसण्यासारखं त्यांना काही नव्हतं.

"म्हणजे माझ्या तट्ट्याक जागा गावली," ती म्हणाली. "माका नाय गावली."

रागाने म्हणाली नाही. हिशोब लागला की माणूस म्हणतं तसं म्हणाली. आतून तिच्या जावेची हाक आली तशी ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आत गेली.